जिची मशीन तिला

सौमित्र, तुझी पित्ताची जळजळ कमी झाली का? ऋचा, कंबर कशी आहे गं? शिलाईच्या शेडमधल्या बायांनो, डोळ्यांना आराम आहे न? मोनाली, इंदूरचं पाणी मानवलं का?

माझं विचाराल तर छाती थकली आहे, पण डोकं ठिकाणावर आहे. मी, विनता श्रीपाद मोघे, वय चौऱ्याहत्तर, राहणार अधारताल, जबलपूर, कोणाच्याही दबावाशिवाय, राजीखुशीने हे मृत्युपत्र लिहून ठेवते. याआधी कुठे काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं.

१. राहतं घर मुलगा सौमित्र याला. छत गळतं, ते आधी बघ.

२. बँकेतलं उरलंसुरलं आणि माझ्या पाटल्या सून ऋचाला. सौमित्रने मागितलं तरी देऊ नकोस. तो त्यातून शेडमध्ये आणखी कॅमेरे लावेल.

३. भाचा बंडू याला माझी डुगडुगती खुर्ची. तिच्यावर बसूनच त्याने सौमित्रला शिकवलं, "दादा, रोज मशीन बदलून बसवत जा. बाई एका मशीनला चिकटली की मालकाच्या डोक्यावर बसते."

४. शाळेचे गणवेश शिवायच्या सगळ्या मशिनी माझ्या नावावर आहेत. माझ्या वेळी जिची मशीन तिचीच. तेल तीच घालायची, धाग्याचा ताण तिच्या हाताचा, खंडेनवमीला हळदकुंकूही तीच वाहायची. गेल्या खंडेनवमीला बाया फुलं धरून नुसत्या उभ्या. रोज मशीन बदलायची, मग कोणती कोणाची? सौमित्र म्हणाला, "कोणावरही वाहा न! सगळ्या कंपनीच्याच आहेत. चलो, जल्दी करो."

मोनालीने फुलं खिडकीत ठेवली. दिवाळीनंतर ती काम सोडून इंदूरला निघाली तेव्हा सौमित्रने पगार वाढवतो म्हटलं, उत्तम कारागीर म्हणून भिंतीवर तिचा फोटो लावला. ती मला म्हणाली, "काकू, फोटो माझा अन् मशीन कोणाची बी? मग मी काहून थांबू?" तिच्यामागे चांगल्या हाताच्या बहुतेक गेल्या. फोटो अजून भिंतीवर आहे. शाळा दुसरीकडे शिवायला कापड टाकून राहिल्या आहेत.

म्हणून प्रत्येक मशीन जिची होती तिला, सोडून गेलेलीलाही. घरी न्यायची तर न्यावी, सौमित्रने फाटकात अडवू नये. तू म्हणशील, आई, सगळ्या घेऊन जातील. जातीलही. पण दावं आवळलं की गाय पान्हा चोरते, बाळा.

५. शेड सौमित्रला. रिकामी पडली तर कुलूप तू स्वतःच्या हाताने लाव.

६. तेराव्याला बायांना जेवू घालावं. वाढायला सौमित्र असावा.

वरील मजकूर मी वाचून, समजून सही केली.

विनता श्रीपाद मोघे

साक्षीदार, आमच्यासमोर सही झाली:
१. गुणवंत किरपाने, शेजारी
२. दीपा सप्रे, शिक्षिका

जबलपूर, १२ जानेवारी २०२५

(मोनालीला पाठवलेल्या प्रतीवर)

पोरी, तुझ्या मशीनवर माझी जुनी साडी झाकली आहे, कोणाला बसू देत नाही. मी गेल्यावर तू ती इंदूरला नेशील, तो तुझा हक्क. पण मी आहे तोवर येऊन बसलीस तर बाकीच्याही परत येतील, असं वाटतं. सौमित्र फोन करणार नाही. त्याला लाज वाटून राहिली आहे. नसेल यायचं तर नाही असंच लिही. पण लवकर लिही.