अर्धी गोळी

४ फेब्रुवारी

नमुन्यांच्या ट्रेमध्ये केस सापडला. लांब, काळा — म्हणजे माझाच. लॅबमध्ये इतके लांब केस दुसऱ्या कुणाचे नाहीत. लॅब सांभाळणाऱ्या मोठ्या बाईंनी तो चिमट्याने उचलून सगळ्यांसमोर धरला. "हा कुठल्या पेशंटच्या नावावर नोंदवू?" सगळे हसले. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन टोपी काढली आणि आरशात पाहिलं. भांग रुंद झालाय. दिव्याखाली उभं राहिलं की डोक्याची कातडी दिसते.

दुपारनंतर रक्ताच्या बाटल्यांवर लेबलं लावताना प्रत्येक लेबल तीनदा वाचलं. एरवी दोनदा वाचते.

६ फेब्रुवारी

घरी सांगू कशी? अण्णांच्या सलूनमध्ये आरशाच्या वर माझ्या वेणीचा फोटो आहे. नववीतला, पाठमोरा. त्याखाली अण्णांनी स्वतः कढवलेल्या तेलाच्या बाटल्या. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की वस्तरा हवेत थांबवून अण्णा वर बोट दाखवतात — "माझी मुलगी. दुसरं तेल तिच्या डोक्याला ठाऊक नाही." नऊ वर्षं हेच वाक्य. आणि त्याच मुलीचं डोकं आता विरळ व्हायला लागलंय.

ही वही मी कधी लपवत नाही. टेबलावर उघडी पडलेली असते. घरात वाचणारं दुसरं कुणी नाहीच. अण्णांना आकडे कळतात, आईला तेही नाही. आज पहिल्यांदा वाटलं, बरंच आहे. आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

११ फेब्रुवारी

कामावरून परस्पर त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. रक्ताचे रिपोर्ट आमच्याच लॅबमधून नेले होते, त्यात काही वावगं नव्हतं. त्यांनी भिंगातून बराच वेळ डोकं पाहिलं. "थोडं घराण्यातून आलंय. थोडं तुमच्या काळजी करण्यातून."

गोळी दिली. मिनॉक्सिडिल. म्हणाल्या, ही मुळात ब्लडप्रेशरची. प्रेशरवाल्यांना दिली तर त्यांच्या अंगावर केस उगवायला लागले, म्हणून मग केसांसाठीही वापरायला लागले. प्रेशरला डोस मोठा लागतो, मला अगदी थोडा — रोज अर्धी गोळी. सुरुवातीला केस उलट जास्त गळतील, घाबरायचं नाही. पाय सुजले किंवा छातीत धडधडलं तर मात्र येऊन दाखवायचं.

मी प्रश्न कागदावर लिहून नेले होते. अकरा. बाहेर रांग होती, तरी त्यांनी अकराच्या अकरा प्रश्नांची उत्तरं दिली. शेवटचा होता — चुकून दोनदा घेतली तर? त्या हसल्या. "तुम्ही चुकून काही करणाऱ्यांतल्या वाटत नाही."

मला आजवर कुणी अकरा प्रश्न विचारू दिले नव्हते. शाळेतसुद्धा नाही. बसमध्ये उगाचच डोळे भरून आले.

१२ फेब्रुवारी

गोळी अर्धी करायला अण्णांकडे ब्लेड मागितलं.

"कशाला?"

"गोळी कापायची आहे."

"कसली?"

"प्रेशरची."

तोंडातून निघून गेलं. खोटं नाही ते. खोक्यातल्या कागदावर पहिल्याच ओळीत तसं छापलंय, मी पुन्हा वाचून खात्री केली. पण खरंही नाही. अण्णांनी नवं ब्लेड मधोमध मोडून अर्धं माझ्या हातात दिलं, वस्तऱ्याला लावतात तसं.

१३ फेब्रुवारी

जेवण अळणी. आईने सगळ्यांचंच मीठ कमी केलंय. "एवढ्याशा पोरीला प्रेशर! आमचंच काहीतरी चुकलं."

अण्णा म्हणाले, "माझंच रक्त. आठ वर्षं गोळ्या खातोय मी, तर तिला यायचंच." मग एक घास घेतला आणि आईकडे बघितलं. "हे जेवण आहे की शिक्षा?"

"शिक्षा समजा. दोघांना पुरेल एवढी केलीय."

आईने मला पाण्याची बादली उचलू दिली नाही. अण्णांनी बातम्यांचा आवाज बारीक केला, का तर मला त्रास नको. आजच सांगून टाकायला हवं होतं. उद्या सांगेन.

१४ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

२० फेब्रुवारी

नाडी सकाळी ७८, संध्याकाळी ८४. गळलेले केस एकशे बारा. अर्धी गोळी घेतली, घेतल्यावर तारखेवर खूण केली.

१ मार्च

केस मुठीने जातायत. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं म्हणून धीर धरलाय. पण पायांवर सूज आहे — मोजे काढले की घोट्याशी खोल वळ उठलेले असतात. दाखवून आले. त्यांनी बोटाने दाबून पाहिलं. थोडी आहे, म्हणाल्या, दोन आठवड्यांनी पुन्हा या, वाढली तर आधीच या, आणि मीठ कमी करा. मला हसू आवरेना. आमच्या घरात मीठ उरलंय कुठे!

घरी येऊन पाय उशीवर ठेवून पडले होते. अण्णा दारात उभे. केव्हापासून, कोण जाणे.

"दुखतात?"

"नाही."

"धडधडतं?"

"कधी कधी. जिना चढले की."

माझ्या घोट्यांकडे वाकून बघितलं आणि गेले.

९ मार्च

डबीतल्या गोळ्या मोजल्या. आजची धरून सव्वीस दिवस झाले, म्हणजे तेरा गोळ्या. आणल्या होत्या वीस. सात हव्यात. आहेत चार.

पुन्हा मोजल्या. चारच. वहीतल्या खुणा मोजल्या — सव्वीस. मग तीन गोळ्या गेल्या कुठे? म्हणजे मी झोपेतून उठून दुसऱ्यांदा घेत असणार. नाहीतर घाईत पुरी गिळली असणार. दर तासाला नाडी मोजली. मोठ्या बाईंनी विचारलं, "मनगट धरून का बसलीस? पळून जाणार आहे का ते?"

दवाखान्यात फोन केला. डॉक्टरीणबाई नव्हत्या. उद्याची गोळी घ्यायची नाही असं ठरवलंय.

घरी कुणाला विचारायचं सुचलंही नाही. आमच्याकडे माझ्या औषधाला कुणी हात लावणार नाही, याची इतकी खात्री!

१० मार्च

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय, एका जुन्या रिपोर्टच्या मागच्या बाजूला. घरी गेल्यावर वहीत चिकटवेन. लिहिलं नाही तर मी सरळ बसू शकणार नाही.

अण्णा सलूनमध्ये पडले. सकाळी अकराला. खुर्चीत ड्रायव्हरकाका होते. ते पूर्वी बस चालवायचे, आता घरीच असतात, अण्णांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. त्यांनीच सांगितलं. एका गालाची दाढी झाली होती, दुसऱ्या गालाला फेस. वस्तरा लावणार तोच अण्णांचे गुडघे मुडपले. "पोरी, पडता पडता त्याने हात माझ्यापासून लांब फेकला. वस्तरा भिंतीवर जाऊन आदळला. स्वतःला सावरायला त्याला हातच उरला नाही." काकांनी त्यांना वरच्यावर धरलं, उचललं आणि गाडीत घालून आणलं. आत्ता ते शेजारी बसलेत, एका गालावर फेस वाळलाय. पुसून घ्या म्हटलं तर म्हणाले, "राहू दे. त्याला शुद्धीवर आलेला बघतो आधी."

प्रेशर ऐंशीवर पन्नास. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या गोळ्या घेतात? मी अण्णांच्या गोळीचं नाव सांगितलं. तेवढ्यात मिटल्या डोळ्यांनी अण्णा बोलले —

"आणि हिची. चार दिवस झाले. रोज एक."

"मुलीची? का?"

"माझ्या संपल्या होत्या. प्रेशरचीच ना तीही."

मी माझ्या गोळीचं नाव सांगितलं, किती मिलिग्रॅम तेही. डॉक्टर म्हणाले, नुसत्या तुमच्या गोळीने प्रेशर इतकं उतरायला नको खरं तर. मग माझ्याकडे बघून — "ही तुम्हाला कशासाठी दिली?"

आई माझा हात धरून उभी होती.

"केसांसाठी," मी म्हटलं.

आईने हात सोडला नाही. पण माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भलत्याच भाषेत बोलले.

११ मार्च

प्रेशर वर आलं. हृदयाचा आलेख ठीक आहे. उद्या-परवा घरी सोडतील. हे आधी लिहिते, बाकीचं नंतर.

लॅबमध्ये पहिल्या दिवशी मोठ्या बाईंनी शिकवलं होतं — रक्त सांडलं तर पुन्हा घेता येतं, चुकीचं लेबल लागलेली बाटली मात्र माणूस मारू शकते. वर्षभर दुसऱ्यांच्या बाटल्या दोनदोनदा वाचल्या. आणि घरी माझ्या डबीला मीच भलतं लेबल लावलं, तेही ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासमोर. मी बोलले की घरात तोच छापील कागद असतो. तीन गोळ्या कमी दिसल्या तेव्हाही मी माझीच नाडी मोजत बसले.

आज सकाळी अण्णांना सगळं सांगितलं. ट्रेमधला केस, डॉक्टरीणबाई, प्रेशर नसणं. त्यांनी ऐकून घेतलं.

"मोरीची जाळी कोण साफ करतं आपल्याकडे?"

"तुम्ही."

"मग? पंचवीस वर्षं केसच बघतोय मी. दोन महिन्यांपूर्वीच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलली नाहीस म्हणून. मग प्रेशरचं कळलं, त्याच्याच काळजीने केस चाललेत, असं मी धरून चाललो. त्यात मी आणखी कशाला बोलू?"

"आणि तो फोटो? तुमचं तेल?"

"तेल खपवायला लावलाय तो. तुझी परीक्षा घ्यायला नाही."

मी रडले. आई म्हणाली, "म्हणजे महिनाभर मी अळणी जेवले ते हिच्या केसांपायी?" आणि हसायला लागली. हसता हसता पदर डोळ्यांना लावला. शेजारच्या खाटेजवळ बसलेल्या बाईही हसल्या.

१३ मार्च

अण्णा घरी. डॉक्टरांनी त्यांच्या गोळ्या बदलून नव्या दिल्यात. त्यांना मीठ खरंच कमी करायचंय. आई म्हणाली, "बघा, शिक्षा वाया गेली नाही."

ड्रायव्हरकाका दुपारी येऊन गेले. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर पांढरे खुंट. तीन दिवस तसेच गावभर हिंडतायत. "दुसऱ्याकडून पुरी करून घेऊ? उद्या लोक म्हणतील, यांनी न्हावी बदलला." अण्णांनी तिथेच, घरातल्या स्टुलावर, त्यांचा दुसरा गाल करायला घेतला. बसून. काकांनी मान वर केली, डोळे मिटले. तीन दिवसांपूर्वी ज्या हातातून वस्तरा उडाला, त्याच हातासमोर गळा मोकळा! मी दारात श्वास रोखून उभी होते. त्या माणसाचे आभार कुठल्या शब्दांत मानायचे, मला येत नाही. पाणी नेऊन दिलं, एवढंच.

१६ मार्च

डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं रागावतील. त्यांनी पेन खाली ठेवलं. "वडील कसे आहेत?" हे आधी विचारलं. मग माझे पाय पाहिले. सूज आहे म्हणून गोळी बंद, आता त्याच औषधाचं लोशन, डोक्याला लावायचं. निघताना म्हणाल्या, "घरी सांगितलंत ते बरं केलंत. आता केसांना एक काळजी कमी."

डबी आता माझ्या कपाटात, कुलपात. लोशन आईला दाखवलं, हे कशासाठी तेही सांगितलं. तिने बाटली उजेडात धरून पाहिली. "हे तरी खरं ना?"

खरं आहे, म्हटलं. चिडवणारं काही नव्हतं तिच्या आवाजात, नुसतं विचारलं. ते जास्त लागलं. पण विचारलं, याचंच बरं वाटतंय. इथून पुढे विचारत जा म्हटलं, प्रत्येक वेळी.

२२ मार्च

उद्या अण्णांना तपासणीला न्यायचंय. त्यांच्या औषधांचं कार्ड आणायला सलूनमध्ये गेले. गल्ल्याखालच्या कप्प्यात सापडलं. त्याखाली त्यांच्या जुन्या गोळ्यांच्या दोन पट्ट्या, दोन्ही अख्ख्या. कार्डावर शिक्का एक मार्चचा, गोळ्या तीस. रिकामी पट्टी एकच, दहा गोळ्यांची — एक तारखेपासून पडले त्या दहा तारखेपर्यंत रोज एक.

म्हणजे त्यांच्या गोळ्या संपल्याच नव्हत्या. स्वतःचीही रोज घेत होते.

पट्ट्या त्यांच्यापुढे धरल्या. ते कात्रीला तेल देत होते. मान वर केली नाही.

"दुकानात नवं काही आलं, साबण म्हण, कलप म्हण, की ते आधी माझ्या हाताला लागतं. मग गिऱ्हाइकाच्या तोंडाला. तुझे पाय सुजायला लागले. केस आणखीच जायला लागले. मला वाटलं, ही गोळीच बाधतेय पोरीला. तुला म्हणायचं तर तू शिकलेली, डॉक्टरही शिकलेले. कागद मला वाचता येत नाही. मग खाऊनच बघायला हवी होती ना? पुरी घेतली, लवकर कळावं म्हणून."

कात्री दोनदा उघडली, मिटली.

"धडधडतं गं फार. अशी रोज कामावर कशी जात होतीस तू?"