एकही नट न बदललेली जीप

३ फेब्रुवारी, शनिवार
पुन्हा फसलो! जाहिरातीत म्हटलं होतं— चाळीस वर्षं जुनी जीप, कंपनीतून आली तश्शी. जाऊन बघतो तर दिव्यांना पापण्या, टपावर चार भोंगे, चाकं माझ्या छातीपर्यंत!
"ओरिजिनल काय आहे हिच्यात?"
मालक मख्खपणे म्हणाला, "कागदपत्रं."

४ फेब्रुवारी, रविवार
अस्सल जीपवाल्यांच्या मंडळाची बैठक. चिटणीस मी. नियमावली माझ्याच हातची— एक नट जरी बदललेला असला तरी मेळाव्यात प्रवेश नाही. आणि अख्ख्या मंडळात जीप नसलेला मीच एकटा! अध्यक्षांनी आज सगळ्यांदेखत सुनावलं, "पंचवीस तारखेच्या मेळाव्याला जीप घेऊन या, नाहीतर पद सोडा." बाकीचे गालातल्या गालात हसत होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं यांच्या गाड्यांत खोट काढतोय, आता कुठल्या तोंडानं बोलू?
घरी सांगितलं. बायको म्हणाली, "बरं झालं."

१० फेब्रुवारी, शनिवार
गॅरेजवाल्या मिस्त्रीला घेऊन दोन जीप पाहिल्या. एकीत पाण्याच्या पंपाचं इंजिन! दुसरी देखणी. पण लोहचुंबक लावलं तर चिकटेचना. पत्रा नावाला, बाकी सगळी पुट्टी. मिस्त्री मालकाला म्हणाला, "धुऊ नका हो हिला, वाहून जाईल."

१७ फेब्रुवारी, शनिवार
सापडली!!!
पत्ता मिस्त्रीनंच काढला. निवृत्त डॉक्टरीणबाई, गुरांच्या. वय ऐंशीच्या घरात. बायकोला त्या बाजूला काम होतं, म्हणून आमची छोटी गाडी तिनंच चालवली. शेडचं दार उघडलं आणि— काय सांगू! पहिलाच रंग, पहिल्याच काचा, जॅकसुद्धा पहिलाच. मी दीड तास गाडीखाली आडवा. मिस्त्रीनं चक्क टोपी काढली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला लिहू. बायको आणि बाई ओट्यावर चहा पीत बसल्या होत्या.
बाईंनी विचारलं, "नेऊन काय कराल?"
"काही नाही! झाकून ठेवीन. वर्षातून एकदा मेळाव्याला, तेही ट्रकवर चढवून. चिखलाचा थेंब लागू देणार नाही!"
वाटलं, खूश होतील. बाईंनी कप खाली ठेवला.
"मग इथेच राहू दे की. झाकलेली तर इथेही आहे."
विचार करून कळवते म्हणाल्या.

१९ फेब्रुवारी, सोमवार
फोन नाही.

२० फेब्रुवारी, मंगळवार
फोन नाही. बायको म्हणते, "सारखं काय बघताय त्याच्याकडे? अंडं घालणार आहे का तो?"

२२ फेब्रुवारी, गुरुवार
न राहवून मीच केला. विकली!!
"अहो, कुणाला?"
नाव सांगेनात. म्हणाल्या, "ज्यांनी घेतली त्यांना चालवायची आहे. मी बत्तीस वर्षं रानोमाळ हिंडले तिच्यातून. पायरी बसवू का, सीट बदलू का, विचारत होते. म्हटलं, खुशाल."
पायरी! त्या पत्र्याला भोक पाडणार! मी ओरडलो, "बाई, पाप आहे हे!" त्यांनी फोन ठेवला.
जेवण गेलं नाही. बायको मात्र दोन घास जास्तच जेवली.

२४ फेब्रुवारी, शनिवार
उद्या मेळावा. राजीनामा लिहिला, तीनदा फाडला. बायको तीन दिवस झाले, सकाळी बाहेर पडते ती दुपारीच उगवते. विचारलं तर म्हणते, "काम होतं." माझ्या दुःखाचं हिला काही सोयरसुतक नाही.

२५ फेब्रुवारी, रविवार
सकाळी फाटकाशी हॉर्न. बाहेर आलो— तीच जीप! स्टिअरिंगवर बायको! नवी सीट, खाली नवीकोरी पायरी. जोडकाम मिस्त्रीचं, हात ओळखला मी. चोर!
"माझ्या पेन्शनमधून घेतली," म्हणाली. "गुडघ्यांना पायरी लागते. तुम्ही सहा वर्षं जीप शोधलीत, मला एकदा तरी विचारलंत, तुला बसायचंय का म्हणून?"
नव्हतं विचारलं.
चढलो. अर्ध्या तासानं मेळाव्याचं मैदान आलं. तिनं वेग कमी केला. "वळवू का?"
"सरळ चल," म्हटलं.