घायपाताच्या कुंपणाबाहेर

मी, एस्नात काम्बेवा, वय एकोणसत्तर, राहणार म्सोंगा, सरोवराकाठची मासेमारांची वस्ती, असे लिहून ठेवते की माझे पाय सुजले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. दबाव आणणारा, म्हणजे माझा धाकटा भाऊ लॅमसन, मंगळवारी मोटारसायकलवर मागे बसून आला होता आणि हात हलवत परत गेला. माझ्या मागे माझ्या देहाची ओढाताण होणार हे त्या दिवशी कळले. म्हणून हे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र.

१. म्सोंग्यातले माझे दोन खोल्यांचे घर, आणि जिथे रविवारी प्रार्थना होते तो पुढचा गवती मांडव, मी तियामिकेला देते. ती डोरिकाची मुलगी (डोरिकाचे पुढे लिहिते), माझ्या रक्ताची नाही. आमच्या रीतीने घर बहिणीच्या मुलींकडे जाते; मला बहीण नाही, आणि लॅमसनच्या मुलींना त्यांच्या आईचे घर आहे. कोणी हक्क सांगायला आले तर त्यांना मक्याचा घट्ट न्सिमा आणि वाळके मासे वाढावेत, पाणी द्यावे आणि वाटेला लावावे.

२. दोन कुदळी आणि मासे वाळवायच्या ताट्या तियामिकेच्याच. मोठे पातेले वस्तीचे. ज्याच्या घरी मयत असेल त्याने न विचारता न्यावे, पण घासून परत करावे. नावाडी याकोबेने ते दोनदा खरकटे आणले आहे, हे मी विसरलेले नाही. माझे पवित्र शास्त्र रविवारच्या वर्गाला. लूकच्या चौथ्या अध्यायाचे पान सुटले आहे, ते चिकटवावे. रोकड नाही.

३. माझ्या उशीखाली एक किल्ली आहे. ती लॅमसनला द्यावी. कशाची, ते तो विचारणार नाही.

दोन हजार दोन साली भुकेचे वर्ष आले. लोक केळीचे कंद उकडून खात होते. आमच्या गावी, चिम्वालाला, ख्रिस्ती मंडळीच्या कोठारात मदतीचा मका आला. लॅमसन मंडळीचा वडील, म्हणजे कारभारी पंच. मला म्हणाला, “ताई, किल्ली तू ठेव, तुझ्यावर लोकांचा विश्वास आहे. फक्त यादी माझी.” त्याच्या यादीत मंडळीच्या शिस्तीखाली, म्हणजे मंडळीने वाळीत टाकलेल्यांची, नावे नव्हती. ज्यांच्या घरी दारू गाळली जायची त्यांची नव्हती, आणि ज्यांनी लॅमसनशी भांडण केले होते त्यांचीही नव्हती. मी अकरा दिवस त्या यादीप्रमाणे दार उघडले. लिहिताना हात जळतो, पण अकरा दिवस उघडले. सैतानाने रानात भुकेल्या प्रभूला धोंड्याची भाकर कर म्हटले तेव्हा प्रभूने नकार दिला. मला तर धोंडासुद्धा दाखवावा लागला नाही, नुसती किल्ली पुरली.

बाराव्या दिवशी रविवार होता आणि उपदेशाची पाळी माझी. मी लूकचा चौथा अध्याय काढला. म्हटले, एलीया संदेष्ट्याच्या काळच्या दुष्काळात इस्राएलात विधवा काय कमी होत्या? तरी देवाने त्याला परक्या मुलखातल्या विधवेकडे पाठवले. इथे मात्र आपल्याच विधवा दाराबाहेर उभ्या आहेत आणि देवाच्या हातात लॅमसनची यादी आहे! सैतान रानातच राहिला असे समजू नका, तो पहिल्या बाकावर बसून दाणे मोजतो आहे.

हेच बोलला म्हणून नासरेथच्या, त्याच्याच गावच्या लोकांनी प्रभूला कड्यापर्यंत ढकलत नेले. चिम्वालात कडा नाही, म्हणून त्यांनी मला दारापर्यंत ढकलले. महिला संघाच्या प्रमुखबाईने माझ्या डोक्यावरचा पांढरा रुमाल सगळ्यांसमोर ओढून काढला. लॅमसन ओरडला, “इथलीच असून इथल्यांवर उलटलीस!” झटापटीत किल्ली माझ्या खिशातच राहिली. त्यांना कुलूप फोडावे लागले. ते आठवले की अजून बरे वाटते.

४. म्सोंग्याला मी चालत आले. इथे मला उपदेश कोणी मागितला नाही. पहिल्याच आठवड्यात एका होडीवाल्याची बायको तापाने फणफणली होती. मी तिच्या उशाशी बसले, अंग पुसले, पेज पाजली. उठल्यावर तिने पहिले काम काय केले, तर मला जेवू घातले. प्रभूने ताप उतरवल्यावर पेत्राच्या सासूने असेच केले होते. माझी सगळी सेवा त्या एका जेवणापासून सुरू झाली, आणि सतरा वर्षांत तिला मोठे नाव द्यावे असे मला वाटले नाही. नाव इतरांनी केले. याकोबे अजून म्हणतो, “आजी, आज उपदेश आखूड ठेव, वारा सुटलाय.” मी आखूड ठेवते.

५. आता मंगळवार. लॅमसनने पुडके सोडले. आत महिला संघाचा कोरा गणवेश: काळा स्कर्ट, पांढरा ब्लाउज, पांढरा रुमाल.

“मंडळीने तुझी शिस्त मागे घेतली, ताई.”

“मी अर्ज केला होता?”

“नवीन देऊळ बांधलंय. पाळक म्हणतात, तुझी कबर समोरच, दारापाशी. फरशी घालू, नाव कोरू. लांबून लोक तुझं नाव ऐकून येतात, त्यांनी म्सोंग्याच्या चिखलात कशाला यायचं?”

“म्हणजे जिवंतपणी नको होते, आता शोभेला हवी.”

“मी तुझा पालक आहे. आपल्यात बहिणीचं प्रेत भावाचं असतं.”

“ते अजून मी वापरतेय, लॅमसन.”

तो निघून गेला; पुडके मुद्दाम ठेवून गेला. आणि त्या संध्याकाळी मी तो रुमाल डोक्याला बांधून पाहिला. छान बसला. दारापाशी फरशी, वर नाव, बायका पांढऱ्या रांगेत गात आहेत, हे सगळे मला दिसले आणि हवेसे वाटले. लाज वाटते, पण हवेसे वाटले.

६. मग डोरिका आठवली. १९८४ साली महिला संघाची प्रमुख मी होते. डोरिका संघातली, नवरा पळाल्यावर लेकरांसाठी दारू गाळू लागली, म्हणून तिला शिस्तीखाली टाकले. ती बाळंतपणात गेली. तिला त्यातच पुरावे म्हणून तिच्या म्हाताऱ्या आईने तिचा गणवेश कोळशाच्या इस्त्रीने कडक करून आणला. तो माझ्या हातात आला तेव्हा गरम होता. मी म्हणाले, “नियम म्हणजे नियम. गणवेश नाही, मयताची घंटा नाही.” तिला देवळाच्या आवाराला असलेल्या घायपाताच्या कुंपणाबाहेर पुरले आणि तो गणवेश मी दुसऱ्या बाईला दिला. लॅमसनच्या आधी यादी माझी होती.

तियामिके माझे सुजलेले पाय शेकत असताना मी हे सांगितले. ती म्हणाली, “मला आठ वर्षांची असल्यापासून माहीत आहे, आजी. पाय हलवू नकोस.” तिने मला माफ केले की नाही हे मी विचारले नाही. विचारायचा मला हक्क नाही.

७. म्हणून माझ्या देहाबद्दल. मला माझ्या रोजच्या निळ्या कापडात गुंडाळावे. चिम्वालाला न्यावे, पण कुंपणाबाहेर, डोरिकाच्या शेजारी पुरावे. कोरा गणवेश तिच्या मातीत ठेवावा. तो तिचा आहे. उपदेश तियामिके करील, आखूड.

आमच्याकडे मयताचे नातलग खड्डा खणत नाहीत. तरी माझा खड्डा लॅमसनने खणावा. क्षमा मागायला त्याला सांगू नका, तो सुंदर शब्दांत मागेल. त्याच्या हातात कुदळ द्या, आणि खणून झाल्यावर म्सोंग्याच्या मासेमारांबरोबर एका ताटात जेवू द्या.

पाळकांना मी आवारात हवीच असेन, तर त्यांनी कुंपण हलवावे. घायपात उपटून आमच्या पलीकडे लावावा. बाहेर शिस्तीखाली मेलेले आणखी अकरा जण आहेत, त्यांच्याही पलीकडे. कबरी कोणत्या, हे लॅमसनला माहीत आहे.

कुंपण हलले तरच घंटा वाजवावी. आधी डोरिकाची.

सही: एस्नात काम्बेवा

साक्षीदार:
याकोबे म्वाले, नावाडी (पातेल्याचा मजकूर मान्य नाही, बाकी समक्ष सही झाली)
एनिफा चिसाले, म्सोंगा शाळेतील शिक्षिका

म्सोंगा, १६ ऑगस्ट २०१९