वास गेलेलं पाणी

१४ नोव्हेंबर, दुपार

दादा,

इकडे सगळं ठीक आहे असं लिहून सुरुवात करायची असते, म्हणून केली. तुझा खोकला थांबला का?

माझं काम चालूच आहे. घरामागच्या पेट्रोलपंपाची जमिनीतली टाकी गळली, तेव्हापासून मी तिथेच नळ्या रोवून बसले आहे. नळ्यांतून खाली हवा सोडायची, थोडं खत सोडायचं, की मातीतले जंतू पाण्यात उतरलेलं पेट्रोल खातात. जावयासारखी बडदास्त ठेवावी लागते, आणि खातात मात्र आपल्या सवडीने. "कायम नोकरीत आहेत का गं तुझे जंतू?" असं आप्पा विचारतात. विचारायचे, म्हणजे. हल्ली माझ्याशी बोलत नाहीत.

त्याचं असं झालं. आपल्या विहिरीच्या पाण्याचा वास गेला. वास गेला म्हणजे पाणी सुधारलं, असं सगळ्या गल्लीने ठरवून टाकलं. पण नाकाला कळणार नाही इतकं विष त्यात अजून आहे, परवाच्या तपासणीतही आलं, आणि रोज पोटात जायला तेवढं पुरतं. वास गेला त्याच संध्याकाळी आप्पांनी त्या पाण्याचा चहा करून माझ्यापुढे ठेवला. कौतुकानेच. मी तो मोरीत ओतला. दमले होते रे, एका शब्दाने समजावलंही नाही.

"तुझाच तुझ्या कामावर भरवसा नाही," म्हणाले, "मग लोकांनी काय करायचं?"

मी पोहऱ्याचा दोर काढून ठेवला, त्यांनी शेजारून दुसरा आणला. टँकरचं पाणी भरून ठेवते, ते झाडांना घालतात. मी दिवसभर कामावर, आणि ते विहिरीचं पितात. काल मी माठ हुंगून बघितला. मग माझं मलाच हसू आलं, हुंगून काय कळणार होतं!

अजून वर्ष तरी लागेल. तोवर त्यांना तुझ्याकडे ने. एवढंच लिहायचं होतं, आणि त्यासाठी सकाळपासून कागद फाडते आहे. पाण्याचं नाव काढू नकोस, मुळीच हलणार नाहीत. तुमच्यावाचून माझं अडलंय, असं सांग. कुणाचं अडलं की ते निघतात.

मी थकले, दादा. पहारा करून थकले.

त्यांना न्यायला येशील तेव्हा मी कामावर असेन. माझ्याशी न बोलता ते गाडीत बसले, तर मला सोसायचं नाही.

बापाला त्याच्याच घरातून काढणारी,
तुझी धाकटी