विज्ञान सोडल्याचं सांगताना

तांबरम, चेन्नई
३ जुलै

ती. आईस,
ऊर्मीचा साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. मामीच्या हातचं रसमही आता आवडायला लागलंय. तुझी कंबर कशी आहे?

आपल्या घरचा फोन कायम स्पीकरवर असतो, म्हणून लिहितेय. मी अकरावीचं विज्ञान सोडून इतिहास आणि राज्यशास्त्र घेतलं. चार दिवस कशातच लक्ष लागत नाहीये.

सोमवारी शाळेत आम्ही विधानसभा भरवली होती. मी सभापती होते. गोंधळ वाढला तशा मॅडमच उठून ओरडू लागल्या. मी म्हणाले, "मॅडम, सभापतींच्या परवानगीशिवाय इथे कुणालाच बोलता येत नाही."

वाटलं, आता माझं काही खरं नाही. पण "माफ करा, सभापती महोदया," म्हणत मॅडम खाली बसल्या! आई, त्या खुर्चीवरून मला उठावंसंच वाटेना.

दुसऱ्याच दिवशी अर्ज दिला. मामाने सही केली, पण म्हणाला, "तुझ्या बाबांना तूच सांगायचंस."

बाबा अजून मला डॉक्टरीणबाई म्हणतात का गं?

पुढच्या रविवारी सकाळी मी त्यांना फोनवर सांगणार आहे. हे पत्र दाखवू नकोस. फक्त तेव्हा त्यांच्याजवळ बस.

तुझी,
ऊर्मी