सतरा मिलिमीटर खाली

प्रति,
मा. मुख्य अधिकारी,
नेत्ररोपण प्रतीक्षायादी विभाग,
मुख्य इमारत, दुसरा मजला.

विषय : संकेतस्थळावरील बटण जागचे हलल्यामुळे रद्द झालेला प्रतीक्षा क्रमांक ९ पूर्ववत करणे, तसेच उद्घाटनाच्या छायाचित्रासाठी पानावर आधीच जागा राखून ठेवणे.

संदर्भ : १) माझा अर्ज, दि. ५ ऑगस्ट (संकेतस्थळावरून; उत्तर नाही).
२) आपली पत्रे जा.क्र. ४४१ ते ४५७, दि. २९ ऑगस्ट (एकूण १७, मजकूर एकच).

महोदय,

आपल्या संकेतस्थळाच्या 'माझी प्रतीक्षा' या पानावर एकूण ४३ गोष्टी आहेत. २२ दुवे, ७ बोधचिन्हे, ५ सूचना (पैकी ३ सरकत्या), शोधण्याचा एक चौकोन, अक्षरे मोठी करण्याची दोन चिन्हे (दोन्ही दाबून काहीही होत नाही), रुग्णाचे नाव, नोंदणी क्रमांक व प्रतीक्षा क्रमांक असे तीन तपशील, दोन बटणे आणि एक छायाचित्र. रुग्णाला यांपैकी प्रतीक्षा क्रमांक आणि एक बटण एवढेच लागते. उरलेल्या ४१ गोष्टींपैकी ३९ विषयी माझी तक्रार नाही. हा अर्ज दुसरे बटण आणि छायाचित्र यांच्याविषयी आहे.

१. मी पदार्थविज्ञानाची पदवीधर असून वजनकाटे तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. एकदा मोजलेले आमच्याकडे मोजलेले धरत नाहीत, म्हणून खालील प्रत्येक आकडा किमान तीनदा घेतलेला आहे. रुग्ण माझी आत्या आहे. ती रफूचे काम करते. आई गेल्यावर तिने मला वाढवले आणि माझे शिक्षण तिच्या रफूवर झाले. तिचा डावा डोळा पूर्वीच गेला आहे. उजव्या डोळ्याच्या बुबुळावरचा पडदा पांढरा होत चालला असून तो बदलणे हाच उपाय आहे, असे आपल्याच डॉक्टरांनी लिहून दिले आहे. त्यासाठी ती चौदा महिने आपल्या यादीत होती. १ ऑगस्ट रोजी तिचा क्रमांक ९ होता.

२. यादीत राहायचे असेल तर रुग्णाने दर महिन्याच्या १ ते ५ तारखेदरम्यान तसे कळवावे, असा आपला नियम आहे. पूर्वी हे खिडकीवर येऊन सही करून होत असे. २० मे रोजी आपण संकेतस्थळाचे उद्घाटन केले आणि सहीची वही बंद झाली. मी आत्याला पान दाखवून सांगितले की वरचे बटण 'प्रतीक्षा सोडा', त्याला हात लावायचा नाही. खालचे 'प्रतीक्षा चालू ठेवा', ते दाबायचे. तिला फोन डोळ्यापासून बोटभर अंतरावर धरावा लागतो, त्यामुळे एका वेळी पानाचा लहानसा तुकडाच दिसतो. तिने जागा पाठ केली. रफू करणाऱ्या माणसाला जागा पाठ करायला शिकवावे लागत नाही. २ जून आणि ३ जुलै रोजी तिने खालचे बटण दाबले आणि ते बरोबर दाबले गेले.

३. ३ ऑगस्ट रोजीही तिने खालचेच बटण दाबले. फोनवर पुढील संदेश आला : "आपण आपली जागा दुसऱ्या गरजू रुग्णासाठी मोकळी केलीत. आपल्या उदारतेबद्दल विभाग ऋणी आहे." सोबत एक कृतज्ञता प्रमाणपत्र होते. त्यावर आपली सही आहे. आत्याने मला हाक मारून विचारले, "अगं, मी कसली उदार झाले ते जरा वाचून दाखव."

४. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी खिडकीवर गेलो. खिडकीवरच्या बाईंनी यादी पाहून सांगितले, "इथे स्वेच्छेने असं लिहिलंय. मशीन काय खोटं बोलतंय का?" आत्या म्हणाली, "बाई, चौदा महिने रांगेत काढले ते काय हौसेने सोडायला?" त्यावर उत्तर मिळाले, "हौसेचं मला विचारू नका मावशी, नवीन नोंदणी तीन नंबरला." नवीन नोंदणी ६ ऑगस्ट रोजी झाली. क्रमांक ३३८.

५. आत्याची चूक झाली असावी असे आधी मलाही वाटले. म्हणून मी तिच्याच फोनवर, फोनने साठवून ठेवलेले आधीचे पान दर वेळी पुसून, ते पान वीस वेळा उघडून पाहिले. पान उघडते तेव्हा छायाचित्र नसते. ते सरासरी ६.२ सेकंदांनी पूर्ण उतरते आणि मग एकदम पानाच्या माथ्यावर प्रकट होते. तोपर्यंत त्याच्यासाठी जागा राखलेली नसल्यामुळे खालचा सगळा मजकूर त्याच्या उंचीइतका, म्हणजे १७ मिलिमीटर, खाली ढकलला जातो. दोन बटणांच्या मध्यबिंदूंमधले अंतर १६ मिलिमीटर आहे. म्हणजे जिथे 'प्रतीक्षा चालू ठेवा' होते, तिथे त्या क्षणी 'प्रतीक्षा सोडा' येते. फरक पडतो एक मिलिमीटरचा. आत्याच्या बोटाची रुंदी १४ मिलिमीटर आहे. पान उघडून, फोन डोळ्याजवळ नेऊन, बटण शोधून, फोन खाली घेऊन दाबायला तिला साडेपाच ते सात सेकंद लागतात. एवढे नेमके जुळवून आणायला आमच्या प्रयोगशाळेत आठवडा गेला असता.

आणखी एक नोंद. 'चालू ठेवा' दाबल्यावर आपले संकेतस्थळ तीन प्रश्न विचारते, त्यातला एक "आपली खात्री आहे का?" हा आहे. 'सोडा' दाबल्यावर एकही प्रश्न येत नाही.

६. हे छायाचित्र उद्घाटनाचे आहे. त्यात बारा व्यक्ती एका ओळीत उभ्या असून मध्यभागी आपण माऊसवर बोट ठेवून हसत आहात. फोनवर प्रत्येक चेहऱ्याची उंची दोन मिलिमीटर भरते. छायाचित्र मात्र कॅमेऱ्यातून निघाले त्याच आकारात, ७.८ एमबीचे, जसेच्या तसे चढवले आहे. संकेतस्थळ सांभाळणाऱ्या माणसाला मी याचे कारण विचारले. त्याचे नाव मला ठाऊक नाही आणि मी विचारलेही नाही. तो म्हणाला, "फोटो आधी आतल्या पानावर होता. साहेब म्हणाले, वर घ्या, सगळ्या पानांवर घ्या. मी म्हटलं, बारीक करून टाकतो. तर म्हणे, बारीक केला की कडेचे चेहरे फुटतात, त्यांना मी काय तोंड दाखवू. म्हटलं टाका मग, आपल्या बापाचं काय जातंय." हे १० जुलै रोजी घडले. आत्याने बरोबर दाबलेल्या दोन्ही तारखा त्याआधीच्या आहेत.

दुरुस्तीला किती वेळ लागेल, हेही मी विचारले. पानावर छायाचित्राची रुंदी आणि उंची, असे दोन आकडे लिहायचे. मग छायाचित्र केव्हाही येवो, त्याची जागा रिकामी राहते आणि बटणे हलत नाहीत. "चहा सांगितला तर चहा यायच्या आत होईल," तो म्हणाला, "पण लेखी पाहिजे."

७. छायाचित्र बारीक न केल्याचा एक फायदा झाला, तो नोंदवणे माझे कर्तव्य आहे. आपल्या मागे भिंतीवर मोठा पडदा असून त्यावर हेच 'माझी प्रतीक्षा' पान उघडलेले आहे. छायाचित्र मूळ आकारात असल्यामुळे ते मोठे करून पडद्यावरचे अक्षरन् अक्षर वाचता येते. त्या पानाच्या माथ्यावर छायाचित्र नाही. ते असणे शक्यही नव्हते, कारण ते त्याच क्षणी काढले जात होते. दोन्ही बटणे जागच्या जागी आहेत. आपण ज्या पानाचे उद्घाटन केलेत ते निर्दोष होते, याचा पुरावा आपण स्वतःच प्रत्येक पानाच्या माथ्यावर लावून ठेवला आहे. आणि तो लावल्यामुळेच पान बिघडले आहे.

८. आपल्या 'तक्रार' पानाची रचनाही अशीच आहे. 'तक्रार मागे घ्या' वर, 'तक्रार नोंदवा' खाली, छायाचित्र माथ्यावर. ते पान मी चाचणीसाठी वापरले. १० ऑगस्ट रोजी आठ जणांना त्यांच्या स्वतःच्या फोनवर, दर वेळी साठवलेले पान पुसून, पाच पाच वेळा खालचे बटण दाबायला सांगितले. त्यांत माझे दोन सहकारी, त्यांच्यापैकी एकाची आई आणि आमच्या इमारतीखाली किल्ल्या बनवणारे काका होते. सर्वांची दृष्टी उत्तम आहे. काकांचे बटण चौथ्यांदा निसटले तेव्हा ते म्हणाले, "हे बटण आहे की मांजर? हात लावायला गेलं की पळतंय." एकूण ४० प्रयत्नांत १७ तक्रारी नोंदल्या गेल्या आणि २३ मागे घेतल्या गेल्या. प्रत्येक तक्रार माझ्या नावाने होती आणि तिचा मजकूर "बटण सरकते" एवढाच होता.

नोंदलेल्या १७ तक्रारींना आपली १७ पत्रे आली. प्रत्येकात "संकेतस्थळाची तपासणी केली असता ते व्यवस्थित दिसते" असे वाक्य आहे. मागे घेतल्या गेलेल्या २३ तक्रारी आपल्या मासिक अहवालात "समाधानकारक निवारण : २३" अशा दाखवल्या आहेत. त्या तेवीसही माझ्या होत्या. माझे समाधान झालेले नाही.

९. ही तपासणी कशी झाली, हे पाहण्यासाठी मी ४ सप्टेंबर रोजी आपल्या उपअधिकाऱ्यांना भेटले. त्यांनी स्वतःच्या टेबलावरच्या संगणकावर पान उघडून दाखवले. "बघा, कुठे हलतंय? माझ्याकडे सगळं जागच्या जागी आहे." ते खरे आहे. त्या संगणकाने ते छायाचित्र जुलैपासून रोज पाहिले आहे, त्याला ते पुन्हा उतरवावे लागत नाही. शिवाय तिथे दोन्ही बटणे एकाखाली एक नसून शेजारी शेजारी येतात. मी माझ्या फोनवर दाखवते म्हटले, तर फोन खाली दारावर जमा करायचा नियम आहे. फोन वर आणू देता का, असे विचारले; तो अधिकार आपला आहे, असे समजले. आपण त्या दिवशी नव्हता. थोडक्यात, ज्या यंत्रावर दोष दिसतो ते आपल्या इमारतीत येऊ शकत नाही आणि जे यंत्र इमारतीत आहे त्यावर दोष दिसत नाही. सहीच्या वहीला हा त्रास नव्हता.

१०. आपल्याच आकडेवारीनुसार स्वेच्छेने प्रतीक्षा सोडणाऱ्यांची संख्या जूनमध्ये ३, जुलैमध्ये ४, ऑगस्टमध्ये ६१ आणि सप्टेंबरमध्ये ५४ आहे. "प्रतीक्षायादी लक्षणीयरीत्या कमी करण्यात यश" या मथळ्याखाली आपण हे आकडे प्रसिद्ध केले आहेत. छायाचित्र वर आल्यावर दोन महिन्यांत ११५ माणसे उदार झाली, असा याचा अर्थ होतो. आपण त्यांपैकी एकालाही फोन करून कारण विचारल्याची नोंद मला सापडली नाही. प्रमाणपत्रे मात्र वेळच्या वेळी गेली आहेत.

सप्टेंबरमध्ये आत्याने बटण दाबले तेव्हा मी शेजारी घड्याळ घेऊन बसले होते. छायाचित्र येऊन स्थिर झाल्यावर मी "आता" म्हटले. आज तिचा क्रमांक २९१ आहे. ती ४७ जागा पुढे आली. त्यांपैकी ११ शस्त्रक्रियांमुळे. उरलेले ३६ जण तिच्या पुढे होते आणि सप्टेंबरमध्ये त्यांचे बोट चुकीच्या जागी पडले. मी तिला हे सांगितले, कारण तिच्यापासून मी आकडे लपवत नाही. ती म्हणाली, "म्हणजे मी त्यांच्या डोक्यावर पाय देऊन पुढे आले म्हण की." मग ती त्या दिवशी जेवली नाही.

११. ३ ऑगस्ट ते आजपर्यंत आपल्याकडे ११ शस्त्रक्रिया झाल्या. नववी ४ सप्टेंबर रोजी झाली, म्हणजे मी उपअधिकाऱ्यांच्या टेबलासमोर बसले होते त्याच दिवशी. याच वेगाने क्रमांक २९१ यायला सुमारे तीन वर्षे चार महिने लागतील.

तरी विनंती की,

(क) रुग्णाचा मूळ क्रमांक ग्राह्य धरून तिला पुढील उपलब्ध शस्त्रक्रियेसाठी बोलवावे;

(ख) ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये "स्वेच्छेने" गेलेल्या सर्वांना फोन करून त्यांची खरी इच्छा विचारावी, आणि तसे करताना त्यांना कोणतेही बटण दाबायला सांगू नये;

(ग) छायाचित्रासाठी जागा राखण्याचा लेखी आदेश द्यावा. आपला वेळ वाचावा म्हणून आदेशाचा मसुदा मीच टंकून जोडला आहे. त्यात दोन्ही आकडे भरलेले आहेत, सहीची जागा खाली आहे. छायाचित्र काढून टाकावे अशी माझी मागणी नाही. आपण तिथे खुशाल हसत राहावे.

हा अर्ज संकेतस्थळावरून न पाठवता मी स्वतः आणून देत असून पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडणार नाही. आधीच्या अर्जाचे काय झाले ते मला माहीत आहे.

आपल्या उत्तराची नव्हे, दुरुस्तीची वाट पाहणारी,

(सही)
रुग्णाची भाची
दि. १८ सप्टेंबर

सोबत :

१) कृतज्ञता प्रमाणपत्र, मूळ प्रत. परत करीत आहे.

२) पान उघडल्यापासूनच्या दहा सेकंदांची दहा चित्रे, शेजारी मोजपट्टी ठेवून.

३) उद्घाटनाच्या छायाचित्रातील पडद्याचा मोठा केलेला भाग.

४) आदेशाचा मसुदा, दोन प्रती.

५) रुग्ण उजव्या डोळ्याने समोरच्या व्यक्तीच्या हाताची बोटे अचूक मोजू शकते ते कमाल अंतर. वेळ रोज सकाळी आठ, रुग्णाची पाठ खिडकीकडे, बोटांची संख्या फासा टाकून ठरवलेली, तीन वाचनांची सरासरी. ६ ऑगस्ट : २.४० मीटर. १ सप्टेंबर : १.८५ मीटर. १८ सप्टेंबर : १.१५ मीटर.