चाळीस घड्याळं आणि मामा-पद्धत

तीर्थरूप मामांच्या चरणी (आणि दाराशी पट्टीने आखून ठेवलेल्या चपलांनाही) भाचीचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? दुखत असेलच, पण तुम्ही कबूल करणार नाही, म्हणून पुढचं लिहिते.

मामा, मी जिंकले! सहा महिन्यांपूर्वी मी पोलीस खात्यात क्रिमिनल प्रोफायलर झाले, म्हणजे गुन्ह्याची जागा बघून गुन्हेगाराचा स्वभाव सांगणारी. तेव्हा "मारेकऱ्यांच्या डोक्यात शिरायची ही कसली नोकरी? पोरगी सहा महिने टिकली तर माझं नाव बदला," असं म्हणून तुम्ही ताडकन उठलात. आई म्हणाली, "तुला विचारलंय कोणी?" झालं! बहीण-भावाचं बोलणं बंद, तुमचं येणं बंद, आणि मधल्यामध्ये मी.

तर सहावा महिना संपायला चार दिवस उरलेले. साहेबांनी बजावलं होतं, एक तरी गुन्हा उलगड, नाहीतर तळघरात फायलींची धूळ झटकायला जा. आणि त्याच दिवशी दुपारी एका घड्याळजीच्या डोक्यात कुणीतरी मागून लोखंडी वजन घातलं. आठ टाके पडले, बिचारा वाचला, पण त्याने पाहिलं कुणालाच नाही. दुकानातली टाचणीसुद्धा हललेली नव्हती. साहेब म्हणाले, चोर असणार, घाबरून पळाला. मी मात्र भिंतीकडे बघत राहिले. भिंतीवर चाळीस घड्याळं, आणि चाळीसच्या चाळीस एकच वेळ दाखवत होती! दुरुस्तीच्या दुकानात असं कधी होतं का हो? म्हणजे या गृहस्थाने मारल्यावर स्टुलावर चढून एकेक घड्याळ लावलं, मग स्टूल पुसून जागेवर ठेवलं. (खरं सांगते, मला आधी तुम्हीच आठवलात. त्या दुपारी तुम्ही कुठे होतात, हे मी गुपचूप मामींना विचारून घेतलं. रागावू नका, कर्तव्य आहे.)

मग मी बेधडक लिहिलं: वय साठीपुढे, लोकांच्या घरातल्या वाकड्या तसबिरी सरळ करणारा, आवाज न चढवता अर्जावर अर्ज करणारा. अख्खी कचेरी खो खो हसली. हवालदार म्हणाले, "बाई, हे गुन्हेगाराचं वर्णन आहे की माझ्या सासऱ्याचं?" साहेबांनी तर माझ्या कागदावर चहाचा कप ठेवला. पण तक्रारींचं कपाट उघडलं आणि निघाले की सतरा अर्ज! सगळे त्या दुकानाच्या वर राहणाऱ्या निवृत्त ग्रंथपालांचे: खाली बाराचे ठोके साडेअकराला सुरू होतात ते साडेबारापर्यंत संपत नाहीत.

ग्रंथपाल आले, टेबलावरची पेनं रांगेत लावली आणि मिठाची गुळणी धरून बसले. साहेबांनी दोन तास डोकेफोड केली, पण छे! तेव्हा मला आपलं घर आठवलं. तुम्हाला काही विचारलं की तुम्ही ढिम्म, पण समोर कुणी चुकीचं सांगितलं की राहवतंय कुठलं! (तुम्ही परस्पर लग्न ठरवल्याचं आजीने असंच काढून घेतलं होतं ना?) मी कारकुनाला मोठ्याने सांगायला लागले, "लिहा, वेळ दुपारी साडेतीन. हल्लेखोराने घड्याळं घाईघाईत कशीतरी लावली." ग्रंथपाल लालबुंद. "साडेतीन नाही, तीन चाळीस! आणि कशीतरी? सेकंदकाट्यासकट जुळवलीत मी!" साहेबांचं बिस्किट चहात बुडालं ते बुडालंच.

नोकरी पक्की झाली, मामा! साहेबांनी उठून हात मिळवला, हवालदार मॅडम म्हणायला लागले, आणि या युक्तीला कचेरीत आता 'मामा-पद्धत' म्हणतात. मला तर आनंदाने नाचावंसं वाटतंय. मामींना नमस्कार.

तुमची,
टिकलेली भाची

ता. क. नवीन नाव काय ठेवायचं, ते कळवा.

ता. क. २. आईचा जबाब नोंदवून घेतलाय: "दादा त्या दिवशी गेला तो गेलाच. फाटकापाशी एकदासुद्धा मागे वळून पाहिलं नाही त्याने." मी खिडकीतच होते, पण माझी साक्ष कोणी काढली नाही. रविवारी सकाळी दहाला हा जबाब असाच कायम करून फाईल बंद करते आहे. चूक असेल तर स्वतः येऊन दुरुस्त करा. आणि वेळ तुमच्या घड्याळाप्रमाणे धरा. आमचं भिंतीवरचं गेले सहा महिने दहा मिनिटं मागे आहे, आणि दादा येऊन लावेल म्हणून आई कुणाला हात लावू देत नाही.